बेकारावलेला दादा

दादा गेल्याचं मला एका वॉचमनने कळवलं, तेही हिंदीत. अनोळखी नंबर होता. मी आधी कट केला, कारण दुपारच्या त्या वेळेला कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणणाऱ्यांचेच फोन येतात आणि वर्तमानपत्राचं पान छपाईला सोडायच्या घाईत माझं डोकं आधीच तापलेलं असतं. पुन्हा वाजला तेव्हा झापायच्या तयारीनेच उचलला. "मॅडम, आप सुमी हो क्या? एक अंकल के मोबाइल में ऊपर आपका नाम था. इधर गेट पे कुर्सी पे बैठे थे... उठ नहीं रहे." कुठला गेट, तर भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे एक कुरिअरचं गोडाऊन आहे, तिथला. रिक्षात बसून मी वहिनीला फोन लावत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, की हा माणूस कुरिअरच्या गेटवर कशाला जाऊन बसला? घरून तर "जरा पाय मोकळे करून येतो" असं सांगून निघायचा. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, हार्ट, आणलं तेव्हाच संपलं होतं. वहिनी माझा दंड धरून विचारत राहिली, "तिकडे काय करत होते गं हे?" मला तरी काय माहीत? मी नुसती मान हलवत राहिले.

याला आता दोन महिने होत आलेत. पुरवणीत कुणावर लिहायचं तर तो माणूस कुणीतरी असावा लागतो. मी आमच्या पुरवणीच्या संपादकांना म्हटलं, मला माझ्या भावावर लिहायचंय. त्यांनी सौजन्याने विचारलं, "काय करायचे ते?" मी म्हटलं, "बेकार होते." बिचारे ओशाळले, विषय बदलायला लागले. मी मुद्दामच म्हटलं होतं. शेवटची दोनेक वर्षं माझ्या भावाला तो शब्द हवा होता. कुणीतरी आपल्याला बेकार म्हणावं, कुठेतरी तशी नोंद व्हावी, एवढीच त्याची मागणी होती. ऐकायला विचित्र वाटतं ना? मलाही वाटायचं. मी त्याला म्हणायचे, "दादा, लोक लपवतात आणि तू मिरवायला निघालायस." तो म्हणायचा, "मिरवत नाहीये गं सुमे. मंदी आहे की माझंच काही चुकलंय, एवढंच मला कळायला हवं."

आम्ही रत्नागिरीकडचे. वडील परळला एका ऑफिसात शिपाई होते, रिटायर झाल्यावर आलेल्या पैशांतून त्यांनी भाईंदरला गोडदेवमध्ये वन-रूम-किचन घेतलं आणि आम्ही सगळे इकडे आलो. तेव्हा दादा कॉलेजात होता. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला वडील अंथरुणाला खिळले, आणि दादा भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात चिकटला. म्हणाला, सहा महिन्यांत परीक्षा देतो. ती परीक्षा काही झाली नाही. डिस्पॅचला लागला आणि पुढे डिस्पॅच सुपरवायझर झाला. सुपरवायझर म्हणजे काय, तर माल मोजून टेम्पोत चढवायचा, चलन फाडायचं आणि कुणी ओरडलं की ऐकून घ्यायचं, अशी त्याचीच व्याख्या. माझं एम.ए. दादाच्या ओव्हरटाइमवर झालं. ते त्याने मला कधी ऐकवलं नाही, मीच त्याला भांडणात ऐकवायचे, "एवढं शिकवलंस तर ऐक आता माझं." मग तो नुसता हसायचा.

लग्नाला गेलं की दादाची एक खोड होती, तिने वहिनी अगदी मेटाकुटीला यायची. पंगतीत बसला की वाढप्या यायच्या आत हा ताट उलटं करून बघणार. खाली कुठला छाप आहे, पत्रा किती जाड आहे, अंगठ्याच्या नखाने वाजवून बघणार. "आमचाच माल," असं शेजारच्या अनोळखी माणसाला अभिमानाने सांगणार. एकदा तर नवरदेवाच्या मामाला वाटलं, हे गृहस्थ ताट पिशवीत टाकायच्या विचारात आहेत. वहिनी त्या दिवशी घरी येईपर्यंत बोलली नाही. अशा माणसाला कुणी कामावरून काढलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. दादाला काढलं नाही. दादाला बसवलं.

हा शब्द आमच्या भाईंदरच्या कारखान्यांतला. काढणं वेगळं आणि बसवणं वेगळं. काढलं म्हणजे हिशोब होतो, राजीनामा लिहून घेतात, चार लोक शिव्या घालतात आणि माणूस दुसरीकडे बघायला लागतो. बसवलं म्हणजे तू आमचाच, फक्त सध्या येऊ नकोस. आधी शनिवार बंद झाला. मग दुसरी पाळी बंद झाली. धनतेरसच्या आधी जिथे टेम्पोंची रांग रस्त्यापर्यंत लागायची, तिथे एकच टेम्पो अर्धा भरून जायला लागला. मग एक दिवस शेठने दादाला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "दत्ताभाई, अभी थोडा घर पे बैठो. ऑर्डर आया तो पहला फोन तुमको." पहिला फोन आपल्याला येणार याचंच दादाला किती कौतुक! त्या रविवारी मी गेले तर मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्या शेजारीच बसला होता. आंघोळीला जाताना वहिनीला सांगून गेला, वाजला तर दार ठोक. फोन आला नाही. शेठचा काही राग नव्हता दादाला, आणि खरं सांगायचं तर मलाही फार धरता येत नाही. त्यांच्याही मशिनी उभ्याच होत्या.

आता माझं काम. मी एका मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. आलेल्या इंग्रजी बातम्या मराठीत करायच्या आणि मथळे द्यायचे. बेरोजगारीचे आकडे आले की ती बातमी हमखास माझ्या गळ्यात, कारण "मॅडमचं एम.ए. इकॉनॉमिक्स आहे." त्या दिवसांत आकडे यायचे ते बरेच आलबेल असायचे. दर थोडा खाली, कधी होता तिथेच. एकदा मी मथळ्यात "मंदी" लिहिलं तर वरून फोन आला. मंदी लिहू नका, मंदीची व्याख्या असते, ती अजून लागू होत नाही, "मंदावली" लिहा. मी लिहिलं, अर्थव्यवस्था मंदावली. दुसऱ्या दिवशी दादाचा सकाळीच फोन. "काय गं, मंदी नाही, मंदावली? म्हणजे मीपण बेकार नाही, नुसता बेकारावलोय!" मी हसले, तोही हसला, मागून वहिनीही हसल्याचं ऐकू आलं. मग दर वेळी भेटला की तेच. काय दादा, कसं चाललंय? बेकारावलंय. पण एकदा हसून झाल्यावर त्याने विचारलं, "तुझ्या त्या आकड्यात मी आहे का गं?" मी म्हटलं, "अरे, ते काही घराघरात जाऊन सगळ्यांना मोजत नाहीत, थोडी घरं निवडतात." तो म्हणाला, "मग मला निवडायला सांग ना."

आणि खरंच निवडलं की! योगायोग म्हणा. गोडदेवच्या त्यांच्या बिल्डिंगमधली काही घरं सरकारी सर्व्हेत लागली. टॅब घेऊन एक बाई आल्या, घरत मॅडम. पस्तिशीच्या, तिकडच्याच राई गावच्या, कंत्राटावर हे काम करणाऱ्या. त्या याच घरांमध्ये दर काही महिन्यांनी पुन्हा येणार होत्या, असा त्या सर्व्हेचा नियमच होता. दादाला केवढा आनंद! त्याने शर्ट बदलला. पहिल्या खेपेला मी नव्हते, पण मला साग्रसंगीत ऐकायला मिळालं. मॅडमनी विचारलं, काम करता का? दादा म्हणाला, करत होतो, सध्या बसवलंय. काढलंय का? नाही, बोलावणार आहेत. मग मॅडम म्हणाल्या, म्हणजे काम आहे, फक्त सध्या जात नाही. आणि त्या पुढच्या प्रश्नावर गेल्या. दादा मला फोनवर म्हणाला, "सुमे, मी कामावर आहे म्हणे. शेठला कळव." मला हसूही येईना. खरं म्हणजे मॅडमचं काही चुकलं नव्हतं. ज्याला परत बोलावणार आहेत त्याला बेकार कसं म्हणायचं? "बसवलं" या शब्दाला त्यांच्या टॅबमध्ये रकानाच नव्हता, आणि मी तरी बातमीत त्याला काय म्हटलं असतं?

मधल्या काळात घर चालवायचं म्हणून वहिनीने डबे सुरू केले. वहिनीच्या हाताला चव आहे, शांती नगरातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना कुणीतरी नंबर दिला आणि बघता बघता डबे वाढले. मुलगी, स्नेहल, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागली होती, तिचा पगार आणि डबे, यावर भागायला लागलं. दादा घरातच. मग काय करणार, तो लसूण सोलायचा. आधी मी त्याला चिडवायचे, "सुपरवायझर आता लसणाच्या डिस्पॅचला." त्याने पाकळ्या मोजून ताटलीत लावल्या होत्या एकदा, मला हसवायला. पण पुढे पुढे तो माझ्यासमोर लसूण घ्यायचा बंद झाला. मी आले की सुरी, ताटली बाजूला सारायचा आणि हात शर्टाला पुसायचा. वहिनीचं तोंडही तोवर सुटायला लागलं होतं. बाईमाणूस पहाटेपासून उभी, आणि नवरा मोबाइल बघत बसलाय, कुणाचं सुटणार नाही? "ज्याला काम हवंय त्याला मिळतं," असं ती एकदा माझ्यासमोर म्हणाली. समोरच्या बिल्डिंगमधला अमका रिक्षा चालवायला लागला, तमक्याने अंडाभुर्जीची गाडी टाकली, तुम्हीच तेवढे फोनची वाट बघत बसा. दादा उठला. आत जाऊन त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या खेपेला घरत मॅडम आल्या त्या रविवारी मी तिथेच होते. आदल्याच आठवड्यात मी दादाला सगळं समजावून सांगितलं होतं, कारण तो पिच्छाच सोडत नव्हता. म्हटलं, बघ, गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलंस तरी त्या हिशोबात तू कामावर. एकही तास केलं नाहीस, काम करायला तयार आहेस आणि शोधतोयस, तर बेकार. आणि शोधतही नसशील तर तू मोजणीतच नाहीस, ना कामावर, ना बेकार. दादाने विचारलं, "लसूण धरतात का?" मी म्हटलं, घरच्या धंद्यात हातभार लावलास, पगार नसला तरी धरतात. त्याने बोटं हुंगून बघितली. मग म्हणाला, "म्हणजे मी लसूण टाकून दिला पाहिजे." तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. मॅडम आल्यावर मात्र त्याने तोंड उघडायच्या आधी स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. "लिहा हो, डब्यांचा धंदा आहे आमचा. हे पण त्यातच असतात." त्यात काय कमीपणा, उलट केवढ्या तोऱ्यात सांगितलं तिने! स्नेहलसाठी तेव्हा एक स्थळ आलं होतं, विरारकडचं, आणि मुलीचे वडील काय करतात याचं उत्तर वहिनीने तेच ठरवून ठेवलं होतं. केटरिंगचा व्यवसाय. मॅडमनी दादाकडे बघितलं. "काका, मदत करता ना तुम्ही?" दादा माझ्याकडे बघत होता. मी तरी काय बोलणार? वहिनीला तिच्याच घरात खोटं पाडू? दादा म्हणाला, "करतो." मॅडमनी टॅबवर बोट टेकवलं आणि माझा भाऊ पुन्हा कामावर लागला.

मी त्या आठवड्यात ऑफिसात एकदोघांशी उगाचच भांडले. आकडे खोटे असतात असं मी म्हणत नाही, तशी बोंब मारणारे खूप आहेत. आकड्याला जे विचारलं तेवढंच तो सांगतो. पण आमच्याकडे, या मीरा-भाईंदरच्या गल्ल्यांमध्ये, पूर्ण बेकार राहणं कुणाला परवडतंय? बेकार राहायला घरात दुसऱ्या कुणाचं तरी कमावणं लागतं. ज्याची नोकरी जाते तो संध्याकाळी गाडी लावतो, मेव्हण्याची रिक्षा रात्रीची चालवतो, बायको फॉल-बिडिंग घेते, पोरगी कॉलेज सोडून मॉलमध्ये उभी राहते. ते सगळे कामावर. मंदी आली की इथे बेकार वाढत नाहीत, कामावरची माणसं वाढतात, हे मला इतकी वर्षं बातम्या करून कळलं नव्हतं. एका पगाराच्या जागी घरातली तीन माणसं राबायला लागतात आणि तेवढंच कमावतात. आणि ज्यांना यातलं काही जमत नाही, वय झालेलं असतं, ते एक दिवस शोधणं सोडतात आणि मोजणीतून उठून जातात. मग दर खाली येतो. मग मी मथळा देते... असो. वर्तमानपत्रात काम करून वर्तमानपत्रालाच शिव्या घालायच्या म्हणजे खाल्ल्या ताटात थुंकणं झालं, असं माझे साहेब म्हणतात.

पुढे कारखाना बंदच झाला. शेठने जागा विकली, आता तिथे टॉवर उठतोय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दादाला कुणाच्या फोनची वाट बघायची नव्हती. मला वाटलं, चला, आता तरी हा मोकळा झाला, पुढच्या खेपेला ठासून सांगेल, मी बेकार आहे, लिहा. रोज सकाळी तो धुतलेला शर्ट घालून, चपला घालून निघायला लागला होता. पाय मोकळे करतो म्हणायचा. वहिनी म्हणायची, "जातात कुठेतरी बागेत जाऊन बसायला रिटायर माणसांत. जाऊ दे, घरात तरी पायात येत नाहीत." मला पूनम सागरला माझ्या बिल्डिंगखाली तो एकदा भेटला होता. म्हटलं वर ये, चहा घे. तर गडबडीने म्हणाला, नको, इकडे एकाला भेटायचंय. कुणाला, ते सांगितलं नाही. गळ्यापर्यंत बटणं लावलेली होती. मीही घाईत होते.

तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम गेले. मॅडमनी आधी डब्यांचं विचारलं. दादाने स्वतःच सांगितलं, "आता मी त्यात नाही. ती आणि पोरगीच बघतात." खरंच होतं ते, त्याने लसूण सोडला होता. मला वाटलं, आता आला मुद्द्यावर. मॅडमनी विचारलं, "मग काका, काम शोधताय?" वहिनी दारात उभी होती, स्नेहल फोनवरून मान वर करून बघत होती, मी समोर. ज्या प्रश्नाची तो इतके महिने वाट बघत होता तो प्रश्न आला, आणि दादा म्हणाला, "नाही. आता काय शोधायचं? पुष्कळ केलं. आराम करतोय." मी थक्क झाले. मॅडम म्हणाल्या, "मिळालं तर करायची इच्छा?" "नको आता." झालं. त्या गेल्यावर मी त्याला गॅलरीत गाठलं. म्हटलं, "अरे दादा, काय हे? एवढा जीव टाकत होतास, आणि आयती संधी आली तर रिटायर होऊन बसलास?" तो कठड्यावर हात ठेवून खाली बघत होता. म्हणाला, "शोधतोय म्हटलं की मिळत नाही हे आपोआप आलंच ना गं. पोरीसमोर ते कसं सांगू?" मग म्हणाला, "नको म्हटलं तर निदान मीच नाही म्हटलंय असं होतं." त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी म्हटलं, चल, चहा झालाय.

नंतर तो फोन आला, जो मी कट केला होता.

बाराव्याच्या आधी एका संध्याकाळी दारात एक माणूस आला. युनिफॉर्मवर शर्ट घातलेला, चपला बाहेर काढून हात जोडून उभा. मला आवाजावरून कळलं, तो वॉचमन. मिश्रा नाव. वहिनीने त्याला पाणी दिलं आणि पहिलं काय विचारलं असेल, तर, "भैया, वो उधर क्यों बैठे थे?" मिश्राला आधी प्रश्नच कळेना. त्याला वाटलं आम्हाला माहीत असेल. म्हणाला, "काम के लिए आते थे, भाभी. हमारे यहाँ, बाजू के गोडाऊन में, उधर पैकिंगवाले के पास. सब जगह. मैनेजर हमेशा बोलता, उमर ज़्यादा है. फिर भी अंकल आते थे. बोलते थे, डिस्पैच का काम है, मुझे सब आता है, एक बार देखने तो दो." त्या दिवशी मॅनेजर जेवायला गेला होता, तर मिश्राने दादाला आपली खुर्ची दिली. म्हणाला, बैठो अंकल, आज बात करवाता हूँ. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती. "कब से आते थे?" ती म्हणाली. मिश्राने आठवून सांगितलं, दिवाली के पहले से. म्हणजे दिवाळीनंतर जेव्हा घरत मॅडमना त्याने काम नको म्हणून सांगितलं, तेव्हाही रोज सकाळी तो गेटागेटावर काम मागत फिरत होता. मिश्रा गेल्यावर वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. बागेत रिटायर माणसांत बसायला जातात, असं ती कितीतरी जणांना सांगत आली होती.

परवाच्या रविवारी घरत मॅडम चौथ्यांदा आल्या. त्यांना माहीत नव्हतं. दार उघडलं तर समोर हार घातलेला फोटो. त्या उंबऱ्यातच थांबल्या, म्हणाल्या, "मी पुढच्या आठवड्यात येते." वहिनी म्हणाली, "नको, आत्ताच घ्या. पण आधी यांचं मागचं खोडा."

"मागचं म्हणजे?"

"मागच्या खेपेला म्हणाले ना, काम नको, शोधत नाही. ते खोटं होतं. शोधत होते. रोज जात होते. दारातच गेले ते लोकांच्या... ते खोडा आणि बेकार लिहा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांना सोडवता आलं असतं, नियम मलाही माहीत होता, पण मी गप्प राहिले. त्या म्हणाल्या, "काकू, मागचं तेव्हाच वर गेलं. मला आता ते उघडतसुद्धा नाही."

"मग आत्ताच्यात लिहा."

"आत्ताच्यात... आत्ता घरात जे आहेत त्यांचंच असतं."

वहिनी उसळली. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "म्हणजे आधी कामावर होते, मग कामावर होते, मग आराम करत होते, आणि आता नाहीतच? मधे एकदाही माझा माणूस बेकार नव्हता? मग मेला कशाने तो?" स्नेहल आतून धावत आली. मॅडमचे डोळे भरले होते. त्यांनी टॅब बंद करून टीपॉयवर पालथा ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून वहिनीसमोर बसल्या. म्हणाल्या, "काकू, मी विचारते, तुम्ही सांगा. नीट आठवून. त्या आठवड्यात काका काम करत होते?"

"नाही. लसूण पण नाही."

"काम शोधत होते?"

"हो. रोज."

"मिळालं असतं तर केलं असतं?"

"त्याच दिवशी. कसलंही केलं असतं."

"मग काका बेरोजगार होते," मॅडम म्हणाल्या. "नियमाने. काम मागत होते आणि काम नव्हतं. त्यांचं त्यात काही चुकलेलं नव्हतं."

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा गेल्यापासून ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती, सगळं कसं आवरून, पाहुण्यांचं बघून चाललं होतं तिचं. बऱ्याच वेळाने मान वर करून मला म्हणाली, "ऐकलंस ना सुमे? मी म्हणत नव्हते? यांचं काही चुकत नाहीये, दिवसच तसे आलेत. मी म्हणतच होते." ती हे एकदाही म्हणाली नव्हती. मी म्हटलं, "हो वहिनी. म्हणत होतीस."

मग मॅडमनी डोळे पुसून टॅब उचलला, कारण अजून बाकीची घरं व्हायची होती. विचारलं, "काकू, गेल्या सात दिवसांत तुम्ही काम केलंत?" वहिनी म्हणाली, "केलं ना. डबे थांबवून कसं चालेल?" आणि स्नेहल? "ती लॅबमध्ये जाते, शिवाय आता संध्याकाळचे डबे तीच पोचवते." मॅडमनी दोघींचं टाकलं. या घरात कामावाचून कुणीच नाही, असं लिहून घेऊन त्यांनी चपला घातल्या आणि शेजारची बेल वाजवली.